डोंगरावर या, पण काडेपेटी खाली ठेवून या

सातारकरहो, आणि पुण्या-मुंबईहून, सांगली-कोल्हापूरहून आमच्या डोंगरांवर येणाऱ्या पाहुण्यांनो,

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं गवत आता पार वाळलं आहे. यवतेश्वरच्या घाटात, जरंडेश्वरच्या चढावर, पेढ्याच्या भैरोबाच्या वाटेला, सज्जनगडाच्या अंगाखांद्यावर, जिकडे बघाल तिकडे पिवळी कुसळी वाऱ्यावर हलते आहे. सरकारी हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. पण गवत तारीख बघून वाळत नाही. थंडी सरत आली की एखाद्या डोंगरावर धूर दिसतो, दुसऱ्या दिवशी तो डोंगर काळा झालेला असतो, आणि मग एकामागून एक उतार पेटत जातात. म्हणून हे आवाहन आत्ता, पहिली काडी पडायच्या आत.

एक गोष्ट आधीच सांगतो. डोंगरावर येऊ नका, असं सांगण्यासाठी हे लिहिलेलं नाही. या. भरपूर या, मुलांना घेऊन या, ज्यांनी वर्षानुवर्षं किल्ला नुसता खिडकीतून पाहिला त्या शेजाऱ्यांना ओढून आणा. ज्या वाटेवर माणसांची रोजची ये-जा असते तिथं लागलेली आग लगेच कुणाच्या तरी नजरेस पडते. जो उतार ओस पडलेला असतो तो निम्मा जळून गेल्यावर शहराला कळतं. डोंगराला राखणदार हवे आहेत, आणि रोज चालणाऱ्या माणसाइतका चांगला राखणदार दुसरा नाही. मागणं एवढंच, की येताना विस्तव आणू नका, आणि दुसऱ्यानं आणलेला दिसला तर गप्प बसू नका.

हे वणवे आपोआप लागतात असं अजूनही पुष्कळ जण मानतात. उन्हानं गवत पेटलं, दगडावर दगड घासला, बांबूवर बांबू घासला, अशी कारणं ऐकायला मिळतात. आपल्या उघड्या गवताळ उतारांवर बांबूची बनं आहेत कुठे? फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत वीजही सहसा पडत नाही. वळवाची वीज येते तेव्हा बहुधा पाऊसही सोबत येतो. नुसत्या उन्हानं गवत पेट घेत नाही. आपल्या डोंगरांवरचा वणवा माणूस लावतो. कधी मुद्दाम, कधी बेफिकिरीनं. घाटातून जाताना गाडीच्या काचेतून टाकलेलं सिगारेटचं थोटूक असतं, बांध जाळताना वाऱ्यानं पळालेली ठिणगी असते, पार्टीनंतर तशीच सोडून दिलेली शेकोटी असते, ससा किंवा रानडुक्कर बाहेर काढायला शिकाऱ्यानं लावलेली आग असते, ढाब्यामागे पेटवलेला पत्रावळ्यांचा आणि प्लॅस्टिकचा ढीग असतो. आणि काही वेळा डोंगर पेटताना बघायला बरं वाटतं म्हणून लावलेली काडी असते. हे शेवटचं लिहिताना त्रास होतो, पण ते खरं आहे.

मुद्दाम लावणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे की ज्याच्या मनात काहीही वाईट नसतं. जुनं गवत जाळलं की पुढच्या साली नवं गवत जोमानं येतं, ही समजूत गावोगाव पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आमच्या गुराखी मामांशी, गवताच्या मालकांशी मला याच मुद्द्यावर बोलायचं आहे, आणि मान ठेवून बोलायचं आहे, कारण डोंगर त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचा अनुभव निम्मा खरा आहे. जळलेल्या जागेवर पहिल्या पावसानंतर हिरवी लव लवकर दिसते, कारण वरची वाळकी काडी गेलेली असते आणि राखेतली थोडी क्षारद्रव्यं कोंबाला मिळतात. पण दरवर्षी जाळलेल्या रानाकडे पाच-दहा वर्षांच्या हिशेबानं बघा. मारवेल, पवना, डोंगरी ही गुरं चवीनं खातात ती गवतं तिथून हळूहळू मागे हटतात आणि कुसळी माजते. कुसळीला आगीचं फारसं काही वाटत नाही. तिचं बी अणकुचीदार असतं आणि त्याला पिळाची शेपटी असते. दमट हवेत ती शेपटी फिरते आणि बी मातीत स्वतःला रुतवून घेतं. वरून आग निघून जाते, बी खाली शाबूत राहतं. म्हणजे चांगल्या चाऱ्यासाठी जाळायचं आणि गुरांच्या तोंडाला टोचणारं कुसळ वाढवायचं, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्यापेक्षा गवत कापून न्या. पावसाळा संपल्यावर वेळेवर कापलेल्या गवताला वैरण म्हणून मोल आहे, आणि कापलेल्या उतारावर वणव्याला खायला काही उरत नाही.

जळून गेलेल्या उतारावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा चालून बघा. लांबून तो नुसता काळा दिसतो, म्हणून आपण गाडीतून बघतो आणि पुढे जातो. पायी गेल्यावर वेगळं दिसतं. राख पावलाखाली भुसभुशीत लागते, मोठ्या दगडांच्या कडेला हात लावला तर ऊब अजून असते. करवंदीच्या जाळीच्या जागी काळ्या काड्यांचा पिंजरा उभा असतो आणि त्याच्या बुडाशी गोगलगायींचे शंख चुन्यासारखे पांढरे पडलेले असतात, आत कुणी नाही. एका उतारावर मी रातव्याची दोन अंडी पाहिली आहेत. रातवा घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. ती मातीच्या आणि पाचोळ्याच्या रंगात इतकी मिसळून जातात की एरवी पायाशी असली तरी दिसत नाहीत. राखेत ती लगेच दिसली. लावा, तित्तर, चंडोल, टिटवी, ही सगळी जमिनीवर संसार करणारी पाखरं. त्यांतल्या कित्येकांचा विणीचा काळ आणि आपला वणव्याचा काळ एकमेकांवर येतो. मोठं पाखरू उडून जातं. अंडं आणि पिल्लू उडत नाही.

झाडांचंही तसंच. जुना आंबा, जांभूळ, हिरडा बुंध्याला चटका सोसून एखाददुसरा वणवा काढतो. मरतात ती गुडघ्याएवढी रोपं, म्हणजे तीस-चाळीस वर्षांनंतरचं रान. आणि त्यांच्यासोबत मरतात आपण लावलेली रोपं. दर जुलैत शाळा, बँका, मंडळं, कार्यालयं हौसेनं डोंगरावर झाडं लावतात, छायाचित्रं निघतात, बातमी येते. फेब्रुवारीत त्याच उतारावर आग फिरते आणि आळ्यात फक्त काठी उरते. माझं स्पष्ट मत आहे: येती दोन वर्षं नवीन रोप एकही लावलं नाही तरी चालेल. लावलेल्या रोपाभोवतीचं हातभर गवत जानेवारीत काढा, ते रोप वाचवा. त्याचं छायाचित्र बरं येत नाही, पण झाड मात्र येतं.

आता पाण्याचं बोलतो, कारण ज्यांना पाखरांशी आणि झाडांशी देणंघेणं नाही त्यांनाही नळ लागतो. कास तलाव हा साताऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा जुना आधार. तिथलं पाणी डोंगरावरून उतारानं, पंपाशिवाय शहरात येतं. वाढत्या शहरासाठी अलीकडेच त्या धरणाची उंची वाढवली आहे. कासच्याही आधीच्या काळात याच यवतेश्वरच्या डोंगराच्या कुशीतलं महादऱ्याचं पाणी खापरी नळांनी शहरातल्या हौदांत खेळवलेलं होतं. थोडक्यात, हे शहर डोंगराच्या पाण्यावर वसलं आणि त्याच पाण्यावर वाढलं. गवत असलेल्या उतारावर पावसाचा थेंब पडतो तेव्हा पात्यावर त्याचा जोर मोडतो, मुळांच्या जाळ्यातून तो हळूहळू जिरतो आणि डिसेंबरात झऱ्यातून बाहेर येतो. जळलेल्या उतारावर मृगाचा पहिला जोरदार पाऊस थेट उघड्या मातीवर आदळतो. माती, राख, सगळं घेऊन पाणी तासाभरात ओढ्याला लागतं. यवतेश्वरच्या डोंगराच्या एका अंगाचं पाणी वेण्णेत जातं, दुसऱ्या अंगाचं उरमोडीत, आणि दोन्ही नद्या पुढे कृष्णेला मिळतात. डोंगरावरची ती माती वाटेतल्या प्रत्येक तलावाच्या तळाशी बसते. एप्रिलमध्ये डोंगरावरचे झरे का आटले, असा प्रश्न आपण विचारतो, आणि त्याच एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीचे झरे जाळत असतो.

आता जागांकडे येऊ. कारण या दिवसांत कुठे जावं आणि तिथं काय सांभाळावं, हे सांगितल्याशिवाय आवाहन अर्धंच राहील.

अजिंक्यतारा सगळ्यांत जवळचा आणि सगळ्यांत जास्त जळणारा. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि हा किल्ला मराठ्यांच्या राजधानीचा किल्ला ठरला, हे शाळेत सगळेच शिकतात. पण मंगळाईच्या देवळाकडून सकाळच्या उन्हात तटावरून एक फेरी मारली की साताऱ्याची जागा का निवडली ते पुस्तकाशिवाय कळतं: एका बाजूला यवतेश्वरचं पठार, दुसरीकडे जरंडेश्वर, मागे सज्जनगड, आणि हवा स्वच्छ असली तर उत्तरेला चंदन-वंदनची जोडी. गाडीरस्ता वरपर्यंत गेला आहे, तरी शक्य असेल त्यानं पायवाटेनं चढावं. त्या वाटांच्या दोन्ही बाजूंना शहर आता किल्ल्याला अगदी टेकलं आहे. घरामागचा पालापाचोळा पेटवून आत चहाला गेलं, तर तेवढ्या वेळात आग तटाखाली पोचते. पायथ्याच्या गोडोली, शाहूनगर, बोगदा परिसरातल्या बंधुभगिनींना म्हणूनच हात जोडून सांगणं आहे, की मे संपेपर्यंत अंगणाबाहेर कचरा पेटवू नका. पालिकेच्या घंटागाडीत द्या, नाहीतर खड्ड्यात पुरून त्याचं खत करा.

महादरे हे तर आपल्या शहराला मिळालेलं लेणं आहे. फुलपाखरांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं रान शहरापासून चालण्याच्या अंतरावर असावं, ही केवढी मोठी गोष्ट! कोरड्या दिवसांत तिथं फुलपाखरं कमी दिसतात म्हणून रान रिकामं समजू नका. झुडपाच्या काडीला, वाळक्या पानाच्या मागे कोष टांगलेले असतात, पाऊस येण्याची वाट बघत. त्यांना उठून पळता येत नाही.

यवतेश्वरचा घाट पहाटे धावणाऱ्यांचा. हिल मॅरेथॉनमुळे तो देशभरातल्या धावपटूंना ठाऊक झाला, आणि सरावाला येणारी पोरंपोरी वर्षभर तिथं असतात. त्यांच्याइतक्या वेळा, त्यांच्याइतक्या सकाळी या डोंगराकडे दुसरं कुणीच बघत नाही. धावपटूंनो, हा घाट तुम्ही वाटून घ्या. कुणी कोणत्या दिवशी धावायचं हे तुमचं आधीच ठरलेलं असतं. त्यातच कुणी कोणत्या वळणाकडे लक्ष ठेवायचं तेही ठरवा.

तिथून पुढे कास. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास पठार आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, कवला, सीतेची आसवं यांनी पठार भरून जातं तेव्हा तिथं नियम असतात, स्थानिक गावांच्या समितीची माणसं वाटेवर उभी असतात. पण फेब्रुवारीत तिथं फूल नसतं, आणि फूल नाही म्हणजे सांभाळायचं काही नाही, असं समजून लोक पठारावर गाड्या घालतात, जेवण रांधतात. खरं तर तेव्हा पठार बियाण्याच्या रूपात झोपलेलं असतं. जांभ्या कातळावर मातीचा थर बोटभर, फार तर वीतभर. सीतेच्या आसवांचं बी मोहरीहून बारीक. ते सगळं त्या बोटभर मातीत आणि कातळाच्या खळग्यांत पडलेलं असतं. तिथं दगडांची चूल मांडली की त्या जागी पुढची कित्येक वर्षं कातळच उरतो. कासच्या रस्त्यावर ज्यांनी तंबू, रिसॉर्ट, हॉटेलं उभी केली आहेत त्या व्यावसायिक बांधवांना वेगळं सांगतो: तुमचा धंदा या डोंगरावर उभा आहे. पाहुण्यानं हट्ट धरला तरी उघड्यावरची शेकोटी देऊ नका. "आमच्याकडे शेकोटी मिळणार नाही, कारण डोंगर जळतो," असं दारावर लिहा. पाहुणे नाराज होणार नाहीत. झाले तर ते पाहुणे डोंगराचे नव्हेत.

देवस्थानांच्या डोंगरांचं भान या दिवसांत जास्त ठेवावं लागतं. माघ वद्य नवमीला सज्जनगडावर दासनवमी. १६८२ साली समर्थ रामदासांनी तिथं देह ठेवला. पाठोपाठ महाशिवरात्र येते, आणि देगावजवळच्या पाटेश्वरला, यवतेश्वरला भाविकांची रीघ लागते. पाटेश्वरचं रान, तिथलं तळं, दगडात कोरलेली असंख्य शिवलिंगं ज्यानं अजून पाहिली नसतील त्यानं जरूर जावं. पण ही दोन्ही पर्वं नेमकी गवत वाळलेल्या दिवसांत येतात. त्यानंतर लगेच शिमगा. होळी गावच्या चौकात करा, देवळाच्या आवारात करा, शेजारी पाण्याचा पिंप भरून ठेवा. डोंगराच्या उतारावर होळी नको. उदबत्ती, धूप, कापूर देवळाच्या आतच. जरंडेश्वरला दर शनिवारी चढणारे मारुतीचे भक्त सांगतात, की हा डोंगर म्हणजे हनुमंतानं नेलेल्या द्रोणागिरीचा गळून पडलेला तुकडा, म्हणून इथं औषधी वनस्पती फार. त्या श्रद्धेला मान देऊनच म्हणतो, की संजीवनीचा डोंगर पेटवण्याचं पाप आपल्या हातून होऊ नये, म्हणून वाटेच्या पायथ्याशी कुणीतरी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते काम देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि गावच्या तरुण मंडळांनी घ्यावं.

ठोसेघर-चाळकेवाडीचं पठार पवनचक्क्यांचं, म्हणजे वाऱ्याचं. तिथं ठिणगी किती लांब जाईल ते सांगता येत नाही, म्हणून तिथं धूम्रपानसुद्धा नको. बामणोलीहून वासोट्याला जाणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नसावी. ते कोयनेचं अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि तिथं विस्तव नेणं कोणत्याही सबबीखाली चालत नाही.

कायदाही माहीत असू द्या. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या २६ व्या कलमाप्रमाणे राखीव वनात आग लावणं, तसंच तिथं विस्तव पेटता सोडून जाणं हा गुन्हा आहे; मनाई असलेल्या काळात विस्तव पेटवणं, बाळगणं किंवा बरोबर नेणंसुद्धा गुन्हा ठरतं. त्याच कायद्याचं ७९ वं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याला वनात चराईचा, गवताचा, लाकूडफाट्याचा हक्क आहे, त्यानं तिथल्या आगीची खबर देणं आणि ती विझवायला मदत करणं बंधनकारक आहे, असं ते सांगतं. म्हणजे डोंगरातून काही घेणाऱ्यावर डोंगर राखण्याची जबाबदारी कायद्यानंच टाकलेली आहे. आपण डोंगरातून हवा घेतो, पाणी घेतो, रविवारची सकाळ घेतो. तेव्हा ही जबाबदारी आपलीही धरू या.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यांत उपयोगाचं आणि सगळ्यांत कमी गाजावाजाचं काम म्हणजे जाळरेषा. आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. वनविभाग दरवर्षी त्या काढतो, पण वनरक्षकाच्या वाट्याला येणारं क्षेत्र आणि त्याच्या हाताखालची माणसं यांचा मेळ बसत नाही. आपण शहरातली माणसं इथं उपयोगी पडू शकतो. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, कुठे गरज आहे ते त्यांना ठाऊक असतं. विळा, खराटा, फावडं, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, जाड बूट आणि पाणी, एवढ्यावर काम होतं. पायवाटेच्या दोन्ही कडांचं गवत कापायचं, पालापाचोळा खराट्यानं झाडून बाजूला करायचा, कापलेलं गवत तिथंच न सोडता खाली आणून गोठ्याला द्यायचं. गवत जाळून रेषा काढण्याची पद्धत आहे, पण ते काम वनकर्मचाऱ्यांचंच. आपण त्या वाटेला अजिबात जायचं नाही. मुख्याध्यापकांना विनंती आहे की नववी-अकरावीच्या मुलांची एक सकाळ या कामाला द्या. पर्यावरणाच्या तासाला जे सांगून समजत नाही ते एका सकाळी हातांना समजतं. गणेश मंडळं, तालमी, फिरायला जाणारे गट, डॉक्टर-वकिलांच्या संघटना, प्रत्येकानं एकेक वाट घ्यावी. एकच वाट, पण ती मे अखेरपर्यंत आपली.

आणि तरीही आग लागलीच तर काय करायचं, हेही नीट समजून घ्या. आग बघून उत्साहानं धावत वर जाणाऱ्या पोरांची मला भीती वाटते. चढावर आग वेगानं पळते, कारण ज्वाळा आपल्या वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. दुपारी दरीतला वारा वरच्या बाजूला वाहतो आणि तिला आणखी जोर येतो. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नका, तिच्यापुढे चढावर पळू नका. बाजूला सरका, उघड्या कातळाकडे, नांगरलेल्या शेताकडे, रस्त्याकडे किंवा जिथलं गवत आधीच जळून विझलं आहे तिकडे जा. नाकातोंडाला ओलं सुती कापड बांधा. नायलॉनचे कपडे अंगावर असतील तर आगीजवळ जाऊच नका, ते वितळून कातडीला चिकटतात. धूर फार असेल तर खाली वाका, हवा जमिनीलगत बरी असते. आग विझवणारे सराईत लोक हिरव्या पानांच्या फांदीनं ज्वाळेच्या कडेला झोडपत झोडपत, आधीच जळलेल्या बाजूनं पुढे जातात; वनविभागाकडे आता पानं उडवणारे ब्लोअरही असतात. हे काम एकट्यानं करायचं नाही, माहीतगार माणूस बरोबर असल्याशिवाय करायचं नाही. पहाटे दव असतं, वारा पडलेला असतो, तेव्हा आग सगळ्यांत मऊ असते. आणि विझली असं वाटल्यावर लगेच घरी जाऊ नका. शेणाची गोवरी, वाळका ओंडका, झाडाची ढोली आतल्या आत धुमसत राहते आणि दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा पेट घेते. कुणीतरी तिथं थांबलं पाहिजे.

ज्याला डोंगर चढता येत नाही त्यालाही करण्यासारखं आहे. ज्यांच्या गच्चीवरून किल्ला दिसतो, यवतेश्वर दिसतो, जरंडेश्वर दिसतो, अशी हजारो घरं या शहरात आहेत. आजी-आजोबांनो, संध्याकाळी गच्चीवर बसता तेव्हा डोंगराकडे तोंड करून बसा. धुराची रेघ दिसली की "कुणीतरी कळवलं असेल" असं म्हणू नका. बहुतेक वेळा कुणीही कळवलेलं नसतं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपते आणि नाव नोंदवलेल्या कुणालाही मोबाइलवर सूचना पाठवते. तरुण मुलांनी आपलं नाव तिथं नोंदवून ठेवावं. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. तुमची गच्ची दिवसभर तिथंच असते.

आग लावताना कुणी दिसला तर त्याच्याशी हाणामारी करायला जाऊ नका. गाडीचा क्रमांक, वेळ, जागा टिपून घ्या आणि कळवा. ओळखीचा असेल तर जास्त नेटानं कळवा. गावातला आहे, पाहुण्यातला आहे, आपल्या मंडळातला आहे म्हणून पांघरूण घालण्यानंच आजवर इतके डोंगर जळाले.

वनविभागाची मदतवाहिनी १९२६. पोलीस आणि तातडीची मदत ११२. अग्निशमन दल १०१. फोन लागल्यावर नुसतं "डोंगराला आग लागली" म्हणू नका. कोणता डोंगर, कोणत्या गावाच्या किंवा वळणाच्या वर, आग चढते आहे की उतरते आहे, वारा कुठला, आणि गाडी कुठपर्यंत पोचते, एवढं सांगा. हा कागद खाली ठेवण्याआधी १९२६ हा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये साठवा, आणि घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवून द्या.